चौथा फर्मा

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते एक पुस्तक शिवण्याचं. ते शेवटचं आहे हे माहीत असतं तर मी तिच्यावर एवढा खेकसलो नसतो.

बेलवलीतली आमची खोली. खिडकीशी मी मांडी घालून बसलेला, समोर पाट, पाटावर पुस्तकाचे सुटे फर्मे. फर्मा म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घालून केलेली सोळा पानांची जुडी. अशा जुड्या एकीवर एक ठेवून पाठीतून शिवल्या की पुस्तक होतं. ह्याला सात होते. ती माझ्या डाव्या हाताला बसलेली. धागा मेणाच्या वडीवरून ओढायचा, गुंता होऊ द्यायचा नाही, आणि मी 'ओढ' म्हटलं की टोक ताणून धरायचं, एवढं तिचं काम. लग्न झाल्यापासून घरी आणलेल्या प्रत्येक कामात तिने ते केलं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चाळीस वर्षं उल्हासनगरात, विठ्ठलवाडी स्टेशनाजवळच्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात हातशिलाई केली. मालक सिंधी. माणूस चांगला, पण पहिल्याच दिवशी त्याने मला बजावलं, "साईं, नंबर देखो, अक्षर मत देखो. पढ़ने बैठे तो माल अटका." पानाखाली नंबर असतो. तो बघायचा, फर्मे लावायचे, शिवायचे. वाचायला लागलास की हात थांबतो. मी ते असं पाळलं की हजारो पुस्तकं माझ्या मांडीवरून गेली आणि मी एकही वाचलं नाही. सांगायला लाज कसली? वाचण्याचा पगार कोणी देत नव्हता.

ती सातवी पास. त्यामुळे घरात शिकलेली तीच. विहाराच्या मागच्या खोलीत मुलांसाठी वाचनालय होतं, ते ती सांभाळायची. रोज पाच वाजता कुलूप काढायची, झाडू मारायची, मुलांना पुस्तकं द्यायची आणि फाटकी पुस्तकं पिशवीत घालून माझ्यासाठी घरी आणायची. पुराच्या वर्षी त्या खोलीत गुडघाभर पाणी शिरलं आणि कपाटातले खालचे दोन कप्पे भिजले. आम्ही पुस्तकं सोडवली आणि कपड्यांसारखी दोरीवर वाळत घातली. त्यातलंच हे एक. कोणीतरी दिलेल्या गठ्ठ्यातून आलेलं, नवंकोरं, शिक्कासुद्धा मारायचा होता. कोणी उघडलंच नव्हतं. खालची कड मात्र कुजली होती. मी ती जुन्या मालकाच्या मशीनवर बोटभर कापून काढली. कडेबरोबर पानांचे नंबरही गेले. मला फिकीर नव्हती. फर्मे मी क्रमाने लावून दोऱ्याने बांधून ठेवले होते.

तर त्या दिवशी तीन फर्मे शिवून झाले, चौथा हातात घेतला, तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, ह्या ओळी अशा तुटक का हो?"

"कागदाची नासाडी. अर्धं अर्धं पान कोरं ठेवलंय. छापणाऱ्याने फसवलंय कोणाला तरी."

"फसवलं नाही. कादंबरी आहे म्हणे, कवितांतून सांगितलेली. आपल्या अंबरनाथच्या देवळाची. देऊळ बांधत होते तेव्हा दगड वाहायला बाया होत्या, त्यांची."

"कादंबरी म्हणजे जाडजूड. आणि कविता म्हणजे मार खाऊन पाठ करायची ती. दोन्ही एकत्र कसं होईल?"

"वाचा की एक. माझा चष्मा वाचनालयात राहिलाय."

"हातात सुई आहे."

"ठेवा ती सुई. मालक बघत नाही इथे."

आता बाई ऐकत नाही म्हटल्यावर काय करणार? मी सुई ठेवली आणि हातातल्याच फर्म्यातलं एक पान वाचलं. बोट ठेवून, शब्द फोडून फोडून. दगड वाहून मुलीचे हात सोलून निघालेत. आई संध्याकाळी तिच्या तळव्यांना तेल चोळते आहे. चोळता चोळता तिला जुन्या लुगड्याच्या धडप्याची चुंबळ वळायला शिकवते आहे. डोक्यावर ओझ्याखाली ठेवतात ती चुंबळ. पहिला वेढा सैल, दुसरा घट्ट, शेवट आत खोचायचा. एवढंच. पान संपलं.

मी वर बघितलं. हिच्या हातातली मेणाची वडी तशीच. म्हणाली, "ही आई बरी आहे." मग म्हणाली, "परत वाचा."

परत वाचलं. मग पुढचं. असं करत अर्धा फर्मा वाचला. खरं सांगतो, मलाही उठवेना. लग्न झालं तेव्हा आम्ही अंबरनाथला त्या देवळापासून दहा मिनिटांवर भाड्याने राहत होतो. जत्रेत हिला बांगड्या भरायला नेलं होतं. लोक मूर्ती बघत होते आणि ही खालच्या दगडांवर हात फिरवत म्हणाली होती, "कोरलं कोणी ते सगळे विचारतात. उचलून कोणी आणलं?" मी तेव्हा म्हणालो होतो, "तुझ्या बापाने." आणि आता कोणीतरी त्याच्यावर आख्खं पुस्तक लिहिलेलं. 

मग मालकाची आठवण झाली. वाचलेला फर्मा गुडघ्याशी ठेवला आणि भराभर शिवायला घेतलं. शेवटच्या फर्म्याशी येता येता धागा संपला. तिने दुसरा धागा जोडला आणि गाठ मारली. ही एवढी गाठ! मी म्हटलं, "गाठ आहे की उडदाचा दाणा? पाठीवर उंचवटा येईल."

"मग आत घ्या ना, पानांच्या मध्ये. कोणाला दिसणार आहे?"

"चाळीस वर्षं बघतेस, एक गाठ बारीक मारता येईना?"

"चाळीस वर्षं पुस्तकं शिवता, एक वाचता येईना?"

गुडघ्याशी राहिलेला फर्मा उचलला, गाठ त्याच्या आत घेतली. तो शिवला, पाठीला खळ लावली, कापड चढवलं आणि पुस्तक पाट्याखाली दाबायला ठेवलं. चौथ्या दिवशी, सकाळी मोरीत भांडी घासता घासता ती पुढे झुकली. मला वाटलं, चमचा घरंगळला असेल. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

पुस्तक दाबाखालीच राहिलं. महिन्याभराने मी ते वाचनालयात नेऊन दिलं. तिथे आता शाळेतल्या एक बाई बघायच्या. त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही. ते कुलूप, तो झाडू बघायची हिंमत नव्हती.

आठ महिने गेले. एक दिवस बाई घरी आल्या. म्हणाल्या, "आजोबा, ते देवळाचं पुस्तक मुलांनी आळीपाळीने वाचलंय. रविवारी पाच वाजता एकेक जण मत सांगणार आहे. आजींनी आणि तुम्ही शिवलेलं पुस्तक. तुम्ही यायलाच पाहिजे."

"मला काय कळतं त्यातलं?"

"ऐका तरी."

गेलो. पंधरा-सोळा मुलं सतरंजीवर, सातवी ते नववीतली. मला खुर्ची दिली. मनात म्हटलं, ही पोरं काय मतं देणार? 'पुस्तक फार छान आहे, बोधप्रद आहे' म्हणतील आणि वडापाव खाऊन जातील.

पहिला उठला तो एक गुटगुटीत मुलगा. म्हणाला, "पहिले मला वाटलं, मस्त आहे, पानं फटाफट संपतात. एका दिवसात चाळीस पानं! मम्मी बोलली, खोटं बोलतोस." सगळे हसले. "पण नंतर असं व्हायला लागलं, की पान संपलं तरी पलटता येईना."

"का रे?"

"काय माहीत. पानावर चार ओळी असतात, पण वजन असतं ना त्याला. जरा थांबायला लागतं."

माझ्या शेजारीच दोन वेण्या घातलेली मुलगी होती. ती बसल्या बसल्याच म्हणाली, "बाई, मला ते माहितीये. ती मुलगी चढावरून दगड घेऊन चालते ना, मग ती लांब वाक्य कसं बोलेल? आमच्याकडे पाणी खाली येतं. मी हंडा घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढते तेव्हा मी पण असंच बोलते. 'आई. दार. उघड.' मधली कोरी जागा म्हणजे दम खाल्लाय तिने."

मी खुर्चीत सरळ झालो. चाळीस वर्षं मी कागद हाताळला. कोऱ्या जागेला मी नासाडी म्हणत आलो. आणि ही हंडा वाहणारी पोर सांगते, तो श्वास आहे!

एक चष्मेवाला म्हणाला, "मला नाही पटलं. इतिहास म्हणजे लढाई पाहिजे, राजा पाहिजे. ह्याच्यात राजा एकदाच येतो, तो पण पालखीत. पाय पण दिसत नाही त्याचे."

"राजा पाहिजे तर पाठ्यपुस्तक वाच ना, चल," कोणीतरी मागून बोललं.

"ऐक तर पूर्ण! मी मागच्या रविवारी मामाबरोबर देवळात गेलेलो. मामा वरच्या मूर्ती दाखवत होता आणि मी खालचे दगड बघत होतो. हा कोणी आणला असेल, हा कोणी आणला असेल. मामा बोलला, चप्पल हरवली काय रे?"

सगळे खो खो हसले. मला हसू आलं नाही. हिने चाळीसेक वर्षांपूर्वी जे विचारलं होतं, तेच हा पोरगा, तिला न ऐकता, तिथेच उभा राहून विचारून आला होता. पुस्तक असं करू शकतं? एकीच्या तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात घालतं, मध्ये माणूस नसतानाही?

मग गाडी शेवटावर आली. मधे त्या मुलीची आई मरते. चढावरून दगड सुटतो आणि तिच्यावर येतो. पुढे मुलगी एकटीच ओझी वाहते, मोठी होते, देऊळ पुरं होतं. आणि अगदी शेवटच्या पानांत आई पुन्हा आहे. मुलीच्या तळव्यांना तेल चोळते आहे, चुंबळ वळायला शिकवते आहे.

"फ्लॅशबॅक आहे तो," चष्मेवाला.

"मी तर रडलो यार तिथे," गुटगुटीत.

दोन वेण्यांची मुलगी हाताने गोल करत म्हणाली, "मला वाटतं, गोष्टच चुंबळीसारखी आहे. गोल. शेवट आणून सुरुवातीत खोचलाय."

बाईंनी टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवली. मी नाही वाजवली, मी बोटांवर फर्मे मोजत होतो. तेल, तळवे, चुंबळ. ती पानं मी वाचली होती. तीन फर्मे शिवून झाल्यावर, हातात होता तो. चौथा. तो गुडघ्याशी ठेवला आणि पाचवा, सहावा, सातवा शिवून मग तो उचलला. नंबर मीच कापून टाकलेले. साधी कादंबरी असती तर तुटलेलं वाक्य ओरडून सांगतं, पण इथे प्रत्येक कविता आपल्या पानावर सुरू होऊन आपल्याच पानावर संपते. कोणाला कळणार? आई परत आली नव्हती. मी तिला चुकून शेवटी शिवलं होतं. आणि पोरं त्या चुकीतून ही असली सोन्यासारखी मतं काढत होती.

मी गप्प बसायचं ठरवलं. खरंच ठरवलं. सगळे खूश होते.

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली एक किडकिडीत मुलगी उठली. तेरा वर्षांची असेल. म्हणाली, "मला पुस्तक आवडलं नाही. शेवट खोटा आहे."

"ए, गप ना," दोघं-तिघं म्हणाले.

बाई म्हणाल्या, "बोलू द्या तिला."

"आई मेल्यावर ती मुलगी स्वतः चुंबळ वळते आणि ती सुटते. परत वळते. पहिला वेढा सैल, दुसरा घट्ट, असं पुटपुटत वळते. ते एकदम खरं आहे. माझी आई गेली त्याला दोन वर्षं झाली. भाकरी करताना मी पण असंच पुटपुटते. ज्याला हे लिहिता येतं, तो आईला असं उगाच परत आणणार नाही. माझी नाही आली." ती थांबली. "आणि दुसरं. आई चुंबळ शिकवते शेवटी. मग मुलीला आधीच कशी येते? ते शब्द तिला कोणी सांगितले? ती पानं तिथली नाहीत. लिहिणाऱ्याने चूक केली नाहीतर लाड केलेत आपले. मला लाड नको."

कारखान्यात फर्मा चुकला तर पकडायला वेगळा माणूस होता. तो नंबर बघून पकडायचा, तरी चार सुटायचे. ह्या मुलीने नंबर नसताना फर्मा पकडला होता. नुसतं वाचून. नुसतं स्वतःच्या आईवरून! माझ्या चाळीस वर्षांत असा चेकर मी बघितला नाही.

मी उठलो. खरं बोलायला उठलो होतो, पण तोंडातून आलं ते असं, "बाई, पुस्तकाची शिवण ढिली झालीय. घरी नेतो जरा."

किडकिडीत मुलीने पुस्तक उचलून आणून दिलं. देताना पाठ दाबून बघितली. म्हणाली, "आजोबा, शिवण तर घट्ट आहे."

"बाइंडर तू का मी?"

सगळे हसले. ती हसली नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी चपला उलट्या घातल्या.

घरी येऊन पुस्तक मांडीवर घेऊन बसलो. काम सोपं होतं. पाठ सोडवायची, धागा कापायचा, फर्मा जागेवर घालायचा, नव्या धाग्याने शिवायचं. दोन तासांचं काम. पण तो धागा कापवेना. तिच्या हातचं ह्या घरात उरलं काय होतं? लोणच्याची बरणी कधीच संपली. गोधडी लेकीने नेली. लुगडी वाटून टाकली. तिने शेवटचं ओढून, ताणून, गाठ मारून ठेवलेलं एवढंच होतं आणि ते जसंच्या तसं घट्ट होतं. ते मी कात्रीने कापू? का तर एका पोरीला शेवट आवडला नाही म्हणून? बाकीच्यांना आवडला होता. मलासुद्धा आवडला होता. बायको मेलेल्या माणसाला दुसरा कुठला शेवट आवडणार?

पण एक गोष्ट विसरता येईना. ती मुलगी लिहिणाऱ्याला खोटं म्हणाली होती. लिहिणाऱ्याने खरं लिहिलं होतं. खोटं मी शिवलं होतं. आणि त्या पोरीला, जिला ते खरं सगळ्यात जास्त पाहिजे होतं, तिलाच मी 'बाइंडर तू का मी' म्हणून गप्प केलं होतं. ही असती तर म्हणाली असती, "चाळीस वर्षं पुस्तकं शिवता, एक चूक कबूल करता येईना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेतला नाही. पातळ खळ शिजवली आणि पुस्तकाच्या पाठीवर जाड थापली. खळीनेच खळ भिजते. अर्ध्या तासाने कापड सुटलं. खालची जुनी खळ हाडाच्या पट्टीने हळूहळू खरवडली. कात्री मी हातातच घेतली नाही. शेवटच्या टाक्याची गाठ सुईच्या टोकाने उकलली. पाऊण तास गेला त्यात. मग फर्म्यामागून फर्मा धागा उलटा ओढत गेलो. चाळीस वर्षांत मी कधी शिवण अशी उसवली नव्हती. कोण उसवतो? धागा पैशाला पासरी मिळतो. पण तुटू दिला नाही. सगळा निघाला, एकसंध, वळ्या वळ्या पडलेला. मधे तिची गाठ.

फर्मे लावले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. खात्री करायला चौथ्याचं शेवटचं पान आणि पाचव्याचं पहिलं पान वाचलं, बोट ठेवून. चौथ्याच्या शेवटी आई म्हणते, उद्या तू तुझी वळ. पाचव्याच्या सुरुवातीला दगड सुटतो. मधे काहीच नाही. कोरी जागा. मी तिथे थांबलो. त्या गुटगुटीत पोराचं बरोबर होतं, पलटता येत नाही.

मग वहीचं पान फाडलं आणि माझ्या अक्षरात लिहिलं, 'चौथा फर्मा मी शेवटी शिवला होता. लिहिणाऱ्याची चूक नाही. बाइंडरची.' चिठ्ठी पहिल्या पानाच्या आत चिकटवायला बाजूला ठेवली, त्या किडकिडीत मुलीच्या हातात पुस्तक पहिलं द्यायचं ठरवलं आणि धागा पुन्हा मेणावरून ओढला. टोक धरायला कोणी नव्हतं, ते खिडकीच्या गजाला बांधलं. सुई पहिल्या फर्म्यात घातली आणि सवयीने डावीकडे वळून म्हणालो, "ओढ."

गज काय ओढणार? मीच ओढला.

सातही फर्मे शिवले. तिची गाठ पुन्हा शेवटच्या फर्म्यातच आली. धागा तोच, माप तेच, दुसरीकडे कुठे येणार? मी ती पानांच्या मध्ये आत घेतली. उडदाच्या दाण्याएवढी आहे. बोट फिरवलं की लागते.